लहान कलादालनाची मांडणी बदलताना : एक भिंतीपाशी, एक लांब

एखाद्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं किंवा सोसायटीच्या हॉलमधलं छोटं कलादालन तुमच्याकडे सांभाळायला आलं असेल आणि वर्षानुवर्षं तीच चित्रं त्याच खिळ्यांना लटकत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मांडणी बदलायला पैसे फारसे लागत नाहीत. दोन मोकळे दिवस लागतात, थोडं सामान लागतं आणि एक मैत्रीण किंवा मित्र लागतो. यातली शेवटची गोष्ट मिळाल्याशिवाय कामाला हात घालू नका.

कारण साधं आहे. भिंतीपाशी उभं राहून फ्रेम धरणाऱ्याला चित्र दिसतच नाही. त्याला दिसतो खिळा, दोरी आणि फ्रेमची वरची कड. चित्र वर गेलंय की खाली, शेजारच्या चित्रावर कुरघोडी करतंय की त्याला साथ देतंय, हे आठ-दहा फुटांवरून कळतं. म्हणून एकाने भिंतीपाशी राहायचं, दुसऱ्याने लांब. थोड्या वेळाने जागा बदलायच्या, म्हणजे दोघांचेही हात आणि डोळे ताजे राहतात.

मदतीला येणारी व्यक्ती चित्रकार असायलाच हवी असं नाही. माझी मैत्रीण शाळेत गणित शिकवते, ब्रश तिने शाळा सुटल्यापासून हातात धरलेला नाही. पण दारातून आत आल्यावर पाय आपोआप कुठे वळतात, कुठे थांबावंसं वाटतं आणि कुठे कंटाळा येतो, हे ती आडपडदा न ठेवता सांगते. "अगं, या भिंतीवर मी कुठे बघू?" हा तिचा एक प्रश्न मला तासाभराच्या चर्चेपेक्षा जास्त उपयोगी पडतो. चित्रकार मित्र असेल तर तो नकळत स्वतःच्या शैलीची बाजू घेतो. मदतीला कोणाला बोलवायचं हे ठरवताना दोनच गोष्टी बघा : माणूस स्पष्ट बोलणारा असावा आणि हाताने सावकाश असावा.

आधी बाहेर जाऊन बघा

काम सुरू करण्यापूर्वी दोघांनी मिळून एक संध्याकाळ दुसऱ्यांची दालनं बघण्यात घालवा. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आहे; रंगमंदिर १९६८ साली उभं राहिलं आणि नाटकाला येणाऱ्या प्रेक्षकालाही जाता जाता चित्रं बघता येतात. तिथून घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या वेळी चित्रं मात्र बघू नका. फ्रेम कशाने टांगली आहे, दिवा कुठून येतो, नावाची पट्टी कोणत्या बाजूला आहे, दोन चित्रांमध्ये किती अंतर सोडलंय, हे बघा. वहीत टिपून घ्या.

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय यासाठी पुन्हा एकदा बघण्यासारखं आहे. काका केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू सुमारे २० हजार आहेत, आणि मांडलेल्या आहेत त्यातल्या जेमतेम अडीच हजार. बाकीच्या साठ्यात. छोट्या दालनाने नेमका हाच धडा घ्यायचा असतो. आपल्याकडे आहे ते सगळं भिंतीवर दिसलंच पाहिजे, असा काही नियम नाही.

उतरवणं आणि मागची बाजू

पहिल्या दिवशी सकाळी, एकही फ्रेम हलवण्याआधी, प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा. मग प्रत्येक चित्राचा. एका वहीत ओळी आखून घ्या : क्रमांक, चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, माध्यम, वर्ष, फ्रेमसकट उंची आणि रुंदी इंचांत, आणि शेवटी "अवस्था". मैत्रिणीने मापं सांगायची, तुम्ही लिहायची. पुण्यातले सुतार आणि फ्रेमवाले इंच-फुटांतच बोलतात, त्यामुळे सेंटिमीटरच्या फंदात पडू नका.

फ्रेम उचलताना एक हात खाली, एक हात बाजूला. वरच्या पट्टीला धरून किंवा मागच्या तारेला धरून कधीही उचलू नका. जुन्या फ्रेमचे कोपरे तिथेच सुटतात. हात धुऊन कोरडे केलेले असावेत, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. भिंतीला टेकवून ठेवताना खाली जुनी सतरंजी घाला आणि चित्रं तोंडाला तोंड, पाठीला पाठ अशी लावा. पाठीला तोंड लावलं की मागचा हुक पुढच्या कॅनव्हासमध्ये घुसतो. तैलरंगाच्या चित्रावर वर्तमानपत्र ठेवू नका, शाई उतरते. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर गोल ठसे उठतात. आधी बटर पेपर, मग रॅप.

आता प्रत्येक फ्रेम उलटी करून बघा. इथे घाई करू नका, कारण चित्राची खरी तब्येत मागून कळते. आमच्याकडे ओंकारेश्वराच्या घाटाचं जलरंगातलं एक चित्र आहे, साधारण दीड फूट रुंद. ते उतरवलं तेव्हा मागे पालीची दोन अंडी होती, कोळ्याचं जाळं होतं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी रंगाचा, नखाएवढा एक ठिपका होता. समोरून तो माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेला होता. भिंतीची ओल प्लायच्या पाठीतून कागदापर्यंत पोचायला सुरुवात झाली होती. असा ठिपका दिसला की "अवस्था" या रकान्यात लिहा, फोटो काढा आणि ते चित्र वेगळं ठेवा. बुरशी ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, ती कागदात आणखी पसरते. चित्र फ्रेमवाल्याकडे न्या आणि माउंट व पाठीचा पुठ्ठा आम्लविरहित घालून मागा. सेलोटेपने चिकटवलेला कागद असेल तर तेही त्यांना दाखवा. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग मागे ठेवून जाते.

काय लावायचं, काय आत ठेवायचं

सगळं उतरवून झालं की चहा घ्या आणि रिकाम्या भिंती बघत बसा. हा वेळ वाया जात नाही. खोली किती मोठी आहे ते अशा वेळीच कळतं.

सामुदायिक दालनात निवड हे सगळ्यात अवघड काम असतं, कारण प्रत्येक चित्रकार ओळखीचा असतो. कोणी शेजारच्या गल्लीत राहतो, कोणी रोज खाली पेपर वाचायला येतो. त्यामुळे "चांगलं-वाईट" या शब्दांत निवड करूच नका. एक सूत्र ठरवा आणि सूत्राप्रमाणे निवडा : नदी आणि घाट, माणसांचे चेहरे, काळा-पांढरा, पेठांमधली घरं, मुलांची कामं. सूत्र ठरलं की एखादं चित्र या खेपेला का नाही याचं उत्तर चित्राच्या दर्जापाशी येऊन अडत नाही. पुढच्या खेपेचं सूत्रही त्याच बैठकीत ठरवून टाका, म्हणजे आत गेलेल्या चित्रांना परत यायची तारीख मिळते.

किती लावायची? आमच्यासारख्या १८ फूट बाय १२ फुटांच्या खोलीत वीसच्या आत थांबावं असं माझं मत आहे. मैत्रिणीला आणखी कमी हवी असतात आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर ठरतं.

आता फोन. ज्यांची चित्रं आत जाणार आहेत त्यांना मांडणी पूर्ण व्हायच्या आत सांगा, आणि प्रत्यक्ष बोलून सांगा. ग्रुपवर एकगठ्ठा मेसेज टाकून ज्येष्ठ माणसाला कळवणं बरं दिसत नाही. "काका, नमस्कार. आपण या वेळी फक्त नदीवरची चित्रं लावतोय. तुमचं पर्वतीचं चित्र मी कोरड्या कपाटात, कापडात गुंडाळून ठेवलंय. दिवाळीनंतर पेठांवरचं प्रदर्शन आहे, त्यात ते दारासमोरच्या भिंतीवर असेल. एकदा येऊन बघून जाल का?" इतकं बोललं की बहुतेक जण समजून घेतात. काही जण रुसतात. त्यांना बोलवा, कपाट दाखवा, चहा पाजा. चित्र कुठे आणि कसं ठेवलंय हे डोळ्यांनी बघितल्यावर माणूस निवळतो. जो शब्द दिला तो वहीत लिहून ठेवा, कारण दिवाळीनंतर ते आठवण करून देणारच, आणि द्यायलाच हवी.

कागदावर आणि जमिनीवर

चौकटीच्या कागदावर खोलीचा नकाशा काढा, एक चौकट म्हणजे अर्धा फूट. दार, खिडक्या, विजेची बटणं, पंख्याचा रेग्युलेटर, सगळं दाखवा. मग दारात उभं राहा आणि पहिली नजर जाते ती जागा नकाशात खुणेने दाखवा. तिथे सगळ्यात मोठं चित्र लावावंसं वाटतं. माझा आग्रह आहे की तिथे असं चित्र लावा जे लांबून अर्धवट कळतं आणि जवळ बोलावतं. आत शिरलेला माणूस दारातच थबकला तर मागचे अडतात. पुढे आला तर खोली वाहती राहते.

त्यानंतर चित्रं प्रत्येक भिंतीसमोर जमिनीवर, सतरंजीवर ओळीने ठेवा आणि अदलाबदल करत राहा. मैत्रीण दारातून बघेल, तुम्ही हलवाल. भडक रंगांचं चित्र शेजारच्या फिक्या चित्राला गिळतं. आमचं घाटाचं जलरंगाचं चित्र आधी एका लाल-केशरी ॲक्रिलिकच्या शेजारी होतं आणि तिथे कोणी थांबत नसे. ते खिडकीपासून दूरच्या अरुंद भिंतीवर एकटं लावलं, दोन्ही बाजूंना हातभर मोकळी भिंत ठेवली. आता लोक तिथे वाकून पायऱ्या बघतात. पाण्यात पडलेली देवळाची सावली चित्रकाराने कोरडा कागद सोडून दाखवली आहे, हेही अनेकांना पहिल्यांदा दिसलं.

अंतराचा हिशेब एकदा समजून घ्या, मग कधीच अडत नाही. समजा भिंत १८ फूट, म्हणजे २१६ इंच. पाच चित्रं लावायची आहेत, रुंदी २०, २४, २०, ३० आणि १८ इंच. बेरीज ११२. उरले १०४ इंच. भिंतीच्या दोन्ही टोकांना २४-२४ इंच सोडले की राहतात ५६. पाच चित्रांमध्ये फटी चार, म्हणजे प्रत्येकी १४ इंच. टोकाची जागा मधल्या फटीपेक्षा थोडी जास्त ठेवली की ओळ मोकळी वाटते. एकाच मालिकेतली छोटी चित्रं असतील तर त्यांच्यात दोन ते चार इंच पुरतात. ती एकत्र वाचली जायला हवीत.

भिंत ओळखा

भोकं पाडण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना माती आणि चुन्याचा गिलावा असतो. तिथे खिळा ठोकला की मूठभर माती खाली येते आणि खिळा हलतो. अशा भिंतीला हात न लावता छताजवळ आडवी पट्टी बसवून तिच्यावरून तारा सोडणं उत्तम. ॲल्युमिनियमची पट्टी आणि सरकणारे हुक मिळतात. एकदा बसवली की पुढची मांडणी एकही भोक न पाडता होते. पट्टी मात्र स्वतः बसवू नका, अनुभवी सुताराला बोलवा, तिच्यावर सगळा भार येतो.

नव्या बांधकामाच्या भिंतीला ड्रिल, प्लग आणि स्क्रू पुरतात. बटणांच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते. वजनाचा अंदाज घ्या : २ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन दर चौरस फुटाला जवळपास अर्धा किलो असतं. दोन फूट बाय अडीच फुटांच्या फ्रेमची नुसती काच सव्वादोन किलोच्या वर जाते, त्यात लाकूड आणि पाठीचं वजन वेगळं. एक फुटापेक्षा रुंद फ्रेम दोन हुकांवर लावा. ती वाकडीही होत नाही.

सामानासाठी रविवार पेठेत बोहरी आळीत जा : स्क्रू, प्लग, हुक, तार, ओळंबा, पुट्टीचा पत्रा, सगळं एका गल्लीत मिळतं. दिव्यांसाठी तापकीर गल्ली. नावाच्या पट्ट्यांसाठी जाड कागद, फोम बोर्ड आणि मास्किंग टेप अप्पा बळवंत चौकात. तिन्ही ठिकाणं पायी फिरण्यासारखी आहेत, गाडी लांब लावून जा.

जुनी भोकं पुट्टीने बुजवा, वाळू द्या, पॉलिश पेपरने घासा आणि भिंतीच्या रंगाचा हात फिरवा. रंग पहिल्या दिवशी संध्याकाळी द्या, म्हणजे रात्रभर वाळतो.

टांगणं

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर असावा. जगभरातली बरीच दालनं ५७ ते ६० इंचांच्या दरम्यान मध्य धरतात. आपल्याकडे ५७ बरे पडतात, आणि लहान मुलांचं प्रदर्शन असेल तर ५० पर्यंत खाली या. सगळ्या चित्रांचे मध्य एका रेषेत आले की लहानमोठ्या फ्रेमसुद्धा शिस्तीत दिसतात. वरच्या कडा जुळवायला जाऊ नका.

खिळ्याची उंची काढण्याचा हिशेब असा. मध्याची उंची, अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. फ्रेम २४ इंच उंच आहे आणि तार बोटाने वर ओढल्यावर कडेच्या ३ इंच खाली राहते, तर ५७ अधिक १२ वजा ३, म्हणजे ६६ इंच. तार सैल असताना माप घेतलं तर चित्र ठरल्यापेक्षा खाली जातं. ही आकडेमोड मैत्रीण करते, मी पेन्सिलने खूण करते. प्रत्येक चित्राचा आकडा आधीच वहीत लिहून ठेवला की टांगायचं काम झरझर होतं.

भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ५७ इंचांवर दोरी ताणून मास्किंग टेपने चिकटवा. जमीन जुनी असेल तर ती क्वचितच सपाट असते, म्हणून दोरी लेव्हलने तपासा आणि शेवटी डोळ्यांचा कौल घ्या. छत उतरतं असेल तर लेव्हलला सरळ दिसणारं चित्र डोळ्यांना तिरकं भासतं. अशा वेळी लांब उभं असलेल्या माणसाचं ऐका.

शिडीवर चढलेल्याने फ्रेम घेऊन चढायचं नाही. खाली उभं असलेल्याने द्यायची. टांगून झाल्यावर हात सोडण्याआधी "सोडू?" असं विचारायचं आणि "सोड" ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गोल टिकल्या चिकटवा, भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहते. पावसाळ्यात या टिकल्या चित्र वाचवतात.

उजेड

उजेडाने होणारं नुकसान साठत जातं, रात्री दिवा बंद केला म्हणून भरून निघत नाही. कागदावरच्या कामांना, म्हणजे जलरंग, शाई, छापचित्रं यांना, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड पुरे. तैलरंग आणि ॲक्रिलिक २०० लक्सपर्यंत चालतं. फोनवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपने ढोबळ अंदाज येतो. जलरंग कधीही पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर तिथे ऊन सरळ आत येतं. खिडकीला मांजरपाटाचा दुहेरी पडदा लावा.

दिवे एलईडीचे, उबदार रंगाचे, २७०० ते ३००० केल्व्हिनचे घ्या आणि खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलंय का बघा, नाहीतर लाल रंग मातकट दिसतात. दिव्याचा झोत उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांत चित्रावर पडायला हवा. काचेत स्वतःचा चेहरा दिसत असेल तर दिवा थोडा बाजूला सरकवा. उजेड जास्त वाटला तर दिवा मागे न्या. छोट्या झोताच्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड जवळपास चौथाईवर येतो. वायरिंगचं काम वायरमनदादांकडूनच करून घ्या.

पट्ट्या

चित्राच्या उजव्या बाजूला, खालच्या कडेच्या रेषेत एक छोटी पट्टी. नाव, चित्रकार, माध्यम, माप, वर्ष. "जलरंग, कागदावर" असं स्वच्छ मराठीत लिहा. अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको. दालनात येणारे बरेच जण साठीच्या पुढचे असतात आणि मराठीतली जोडाक्षरं लहान टाइपात एकमेकांत मिसळतात. माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी. वर्ष माहीत नसेल तर चित्रकाराला विचारा, अंदाजाने टाकू नका. "हात लावू नये" ही पाटी दारापाशी एकदाच लावा, प्रत्येक चित्राखाली नको.

उघडल्यावर

पहिल्या रविवारी दोघांनी कोपऱ्यात बसून माणसं बघा. कोण कुठे थांबतं, कोणता कोपरा सगळे टाळतात, कुठे लोक मागे सरकताना खुर्चीला धडकतात. नकाशाच्या प्रतीवर पेन्सिलने त्यांच्या वाटा काढा. टाळला जाणारा कोपरा बहुधा अंधारा असतो किंवा तिथलं चित्र जरा वर गेलेलं असतं. एक दिवा वळवून किंवा दोन इंच खाली आणून काम होतं. खुर्ची मात्र काढून टाकू नका, जागा बदला. बसून चित्र बघणारा माणूस जास्त वेळ बघतो.

नकाशा, आकड्यांची वही आणि भिंतींचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा, दालनातच ठेवा. घरी नेलेली फाइल पुढच्या माणसाला मिळत नाही. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा प्रत्येक फ्रेम खालून जराशी उचलून मागच्या भिंतीला हात लावा. हाताला गार, दमट लागलं की त्या भिंतीवरची चित्रं त्याच दिवशी उतरवा, कोरड्या कपाटात ठेवा, चित्रकाराला फोन करून सांगा, आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत तिथे काही टांगू नका.